दातांची हजेरी

आमच्या घरात सकाळी दात घासण्याचे तीन पंथ होते आणि तिन्ही पंथ एकमेकांना नावं ठेवत. बुवा, म्हणजे माझे वडील, बाभळीची कोवळी काडी चावत गोठ्यात फिरत आणि बैलांशी बोलत. तोंडात काडी असताना ते काय बोलत ते फक्त बैलांनाच कळे. मग ते रांजणाजवळ उभे राहून चूळ भरत, आणि ती अशी घसा खाकरून भरत की पलीकडच्या आळीतल्या बायका म्हणत, पाटील उठले, आता उजाडलं. आम्हा दोघी बहिणींना राखुंडी असे, गोवरीची राख आणि खडे मीठ. मीठ कधी नीट वाटलेलं नसे. हिरडीला लागलं की कौसी, माझी धाकटी बहीण, अंगणात एक पाय धरून नाचायची, जसं काही मीठ पायालाच लागलं आहे.

तिसरा पंथ माय आणि जनाआत्या यांचा. जनाआत्या बुवांची विधवा बहीण, आमच्याकडेच असायची. चूल पेटली, ताकातल्या कण्या रटरटायला लागल्या की या दोघी मागल्या दाराच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसत आणि आत्या कनवटीची पितळी डबी काढी. डबीत मिसरी. दर आठ-दहा दिवसांनी आत्या तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर असा ठसका उठे की मांजरसुद्धा शिंकत बाहेर जाई. मग ती वस्त्रगाळ करून डबीत भरायची. बोटावर घेऊन दात घासायचे हे नुसतं नावाला. खरं म्हणजे ती तोंडात धरून बसायचं. दिवसभरात त्या दोघींना मी निवांत बसलेलं पाहिलं ते फक्त त्याच वेळी. त्या वेळी बुवा त्यांना हाक मारत नसत. सासू असती तर तिनंही मारली नसती. आज मला वाटतं, त्यांना तंबाखूपेक्षा त्या बसण्याचीच तलफ असावी. पण तेव्हा आम्हाला एवढंच कळे की मोठ्या बायकांचं काहीतरी गुपित त्या डबीत आहे आणि ते आपल्याला मिळत नाही.

आमचं गाव मोताळ्यापासून तीन कोसांवर. मुलींची शाळा चौथीपर्यंत, एका खोलीची, कपाशीच्या दिवसांत निम्मी रिकामी. मी चौथीत आणि कौसी पहिलीत असताना तिथं नव्या मास्तरीणबाई आल्या. अमरावतीकडच्या, पांढऱ्या लुगड्याच्या, सडसडीत. त्यांच्याजवळ दात घासायचा ब्रश होता. तो पाहायला गावातल्या बायका काहीतरी निमित्त काढून त्यांच्या खोलीवर जाऊन आल्या आणि ते केस कोणत्या जनावराचे यावर पाणवठ्यावर चार दिवस वाद झाला. बाईंनी आल्या आल्या हजेरीसोबत दातांची हजेरी सुरू केली. प्रार्थना झाली की सगळ्या मुलींनी ओळीनं उभं राहून दात दाखवायचे. ज्यांचे दात पिवळे त्यांनी विहिरीवर जाऊन यायचं. आणि मिसरीबद्दल त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तंबाखू हे विष आहे. ज्या मुलीच्या तोंडात मिसरी दिसेल तिला मी वर्गात बसू देणार नाही." हे ऐकताना मी मायच्या आणि आत्याच्या दातांचा विचार करत मान खाली घालून उभी होते.

ही हजेरी घ्यायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं. हातात पट्टी घेऊन मी ओळीपुढून जायची आणि एकेकीला म्हणायची, "आ कर." मी कशी चालत असेन ते आठवलं की आजही मला घाम फुटतो. मला नुसता मान मिळाला नव्हता, आशाही मिळाली होती. बाईंनी मला सांगितलं होतं, "सुभद्रा, तू चौथी पास हो. डिपोटीसाहेब शाळा तपासायला आले की मी त्यांच्याशी बोलेन. बुलढाण्याला पुढं शिकशील, मास्तरीण होशील." आमच्या घरातून तोवर बुलढाण्याला गेले होते ते फक्त बुवा, तेही कोर्टाच्या साक्षीला. मी रात्रंदिवस डिपोटींची वाट पाहू लागले.

त्याच हिवाळ्यात कौसीची दाढ दुखायला लागली. पोरगी गुळावर जीव टाकणारी. भाकरीसोबत गूळ, शेंगदाण्यासोबत गूळ, आणि कोणी पाहत नसेल तर गुळासोबत गूळ. दाढेला काळं भोक पडलं होतं. मी बाईंना सांगितलं. बाईंनी कौसीचं तोंड उजेडाकडे करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मोताळ्याच्या बाजारात अत्ताराकडे लवंग-तुरटीचं साधं मंजन मिळतं. ते आण. दोन वेळा लाव आणि गूळ बंद कर. नाही थांबलं तर मी स्वतः तिला मलकापूरच्या दवाखान्यात घेऊन जाईन." हे सगळं त्यांनी मला सांगितलं. कौसीला नाही, मायला नाही, मला. म्हणून निवड माझी होती, असं मी आज म्हणते.

बाजाराच्या दिवशी बुवांसोबत बैलगाडीतून गेले. मायनं पदराच्या गाठीतले पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "तुले समजते शायेतलं. बाईनं सांगतलं तेच आनजो, भलतं नोको आनू." अत्तारचाचाचं दुकान म्हणजे मोताळ्यातली माझी सगळ्यात आवडती जागा. हळकुंडं, हिराकस, गुलाबपाणी, धूप, सगळ्यांचा मिळून एक वास. चाचांनी कागदाची पुडी पुढे केली. भुरकट, राखेसारखी दिसणारी पूड. लवंगेचा वास होता, पण दिसायला आमच्या राखुंडीची सख्खी बहीण. आणि तिच्याच बाजूला फळीवर एक पत्र्याची डबी होती. तिच्यावर एका मुलीचं चित्र, दोन वेण्या, हातात पुस्तक, आणि दात असे पांढरे की काय सांगावं. ती पुस्तक घेतलेली मुलगी म्हणजे बुलढाण्याला गेलेली मीच, असं मला वाटलं. चाचांनी झाकण उघडून दाखवलं. गुलाबी मंजन, गोडसर वासाचं.

"कोनासाठी पाह्यजे?" चाचांनी विचारलं.

"लहान बहिनीसाठी. दाढ दुखते तिची."

"तर मग पुडी घे. बेटी, डबी नोको पाहू, अंदरचा माल पाह्य. हे गुलाबी मंजन मीठं, गोड आहे, शौकीन लोकांचं. दुखत्या दाढेले याचा काही फायदा नाई."

मी म्हटलं, "आमच्या बाईनं डबीचंच सांगतलं."

मी हे इतकं सहज बोलले की मलाच नवल वाटलं. चाचांनी खांदे उडवले आणि डबी कागदात गुंडाळून दिली. घरी येईपर्यंत ती मी तीनदा उघडून पाहिली.

कौसीला मंजन फार आवडलं. आवडणारच, ती ते खायची. बोटानं दाताला लावायची आणि गिळायची, मग पुन्हा लावायची. गूळ बंद केला होता, त्याची भरपाई झाली. आठ दिवसांत अर्धी डबी संपली आणि दाढ पहिल्यापेक्षा जास्त ठणकू लागली. बाईंनी विचारलं, "आणलंस का गं मंजन?" मी म्हटलं, "आणलं." ते खोटं नव्हतं. "फरक आहे?" मी म्हटलं, "हो, आहे." हे होतं.

एका दुपारी माय आणि आत्या वेचणीला गेल्या होत्या. घरात आम्ही दोघीच. कौसी गाल धरून धान्याच्या कणगीला डोकं टेकून रडत होती. आधी मोठ्यानं, मग बारीक आवाजात, एकसुरी. ते बारीक रडणं मला ऐकवेना. मी तिला कण्या भरवू पाहिल्या, तिनं तोंड फिरवलं. लवंग शोधली, घरात नव्हती. पुडी आणली असती तर लवंग घरात असती, हे तेव्हाही मला कळत होतं आणि त्यामुळेच माझा जीव जास्त घाबरा झाला. आत्याची डबी त्या दिवशी फडताळात राहिली होती. आत्या एकदा म्हणाली होती, मिसरीनं दात बधिर होतो, म्हणून तर लावायची. मी चिमूटभर काढली आणि कौसीच्या दाढेच्या भोकात बोटानं दाबून बसवली.

आधी ती थुंकू लागली, मग तिला ओकारी झाली, घाम सुटला. मला वाटलं, मेली पोरगी. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "माई, नाई दुखून राह्यलं." मला ती माई म्हणायची. मग हसली आणि झोपली. त्या वेळी मला जो आनंद झाला तो खरा होता, हे मला सांगितलंच पाहिजे. मी तिचं भलं केलं असंच मला वाटलं.

पण बाईंचं बोलणंही आठवलं. कौसी उठल्यावर मी तिला समोर बसवलं, तिचा हात घेऊन माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "मायी आन आहे तुले. हे कोनाले सांगजो नोको. सांगशीन तर मी मरीन." आमच्याकडे पोरींमध्ये आण म्हणजे मोठी गोष्ट. जिनं घातली तिनंच 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नसे. आंब्याच्या कैऱ्या चोरल्या, आण घातली. चार दिवसांनी कैऱ्या पचल्या की म्हणायचं, सुटली, आता सांग. कौसीनं डोळे मोठे करून माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

त्यानंतर रोज. आधी दुखलं की, मग दुखण्याच्या आधीच, मग तीच मागू लागली. "माई, थोडीशी." मी शाळेच्या आधी लावायची, चुळा भरून घ्यायची आणि राखुंडीनं वरवर घासायची. शाळेत ओळीत तिच्यापुढे आले की म्हणायची, "आ कर." ती आ करायची. काळी रेघ हिरडीवर दिसायची. मी पट्टी हलवून म्हणायची, "ठीक." मग पुढची मुलगी. सोनाराच्या मंजूला मी दोनदा विहिरीवर पाठवलं होतं, तिच्या दातांवर नुसता हरभऱ्याचा हिरवा पाला होता.

डिपोटीसाहेब आले तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस असणार होता. अंगण सारवलं, दाराला आंब्याची पानं लावली. कौसीच्या वर्गाला कविता म्हणायची होती आणि ती पुढे उभी राहणार होती, कारण तिचा आवाज गोड होता. ती दाढ दुखून रडली तर सगळं फिसकटेल म्हणून सकाळी मी नेहमीपेक्षा दुप्पट मिसरी लावली. डिपोटींसमोर दातांची हजेरी झाली. ते खूश झाले, बाईंना म्हणाले, "हे उत्तम आहे." बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मग कविता सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला कौसीचा आवाज चिरकला, ती डोलली आणि जमिनीवर बसली. तिच्या परकरावर काळी लाळ ओघळली, आणि तो वास सगळ्या खोलीत पसरला. त्या खोलीत असा कोणी नव्हता ज्याला तो वास माहीत नव्हता.

बाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. "सुभद्रा, हे काय आहे? हिला मिसरी कोण देतं?"

डिपोटी चष्म्यातून पाहत होते. टेबलावर माझ्या नावाचा, बुलढाण्याच्या शिफारशीचा कागद होता, बाईंनी सकाळीच मला दाखवला होता.

मी म्हटलं, "बाई, ती घरी चोरून लावते. मी किती सांगितलं तिला."

'तिले' नव्हे, 'तिला'. बाई महिनाभर माझी भाषा सुधारत होत्या आणि ते माझं पहिलं न अडखळता बोललेलं शुद्ध वाक्य होतं. कौसीनं वर पाहिलं. तिची नजर माझ्या डोळ्यांकडे नव्हती, डोक्याकडे होती, जिथं तिनं हात ठेवला होता तिथं. मग तिनं खाली पाहिलं. बाईंनी तिला दोनदा विचारलं, "कौसल्या, खरं आहे हे?" तिनं मान हलवली. सात वर्षांची पोर.

घरी मायनं तिला बदडलं. "काऊन वं, चोरी शिकली तू? आत्याची डबी चोरते?" आत्या मधे पडली, तर माय आत्यालाही बोलली. बुवा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "राहू दे आता. एक शिकते तेवढं पुरे. हिले वावरात पाठव." बाई दोनदा घरी आल्या. "सवय सुटू द्या, दाढ काढून आणू, मग पाठवा," म्हणाल्या. माय लाजेनं पदर ओढून चुलीपाशीच बसून राहिली. नंतर शाळेत त्या मला विचारत, "कौसल्या केव्हा येते गं?" मी म्हणायची, "येते म्हणते." हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. मी बोलायचं ठरवायची, रोज ठरवायची, आणि शाळेच्या दारात दातखीळ बसायची. आण सोडली असती तरी चाललं असतं. एक शब्द होता.

उन्हाळ्यात मी बुलढाण्याला गेले. निघताना कौसीनं माझं बोचकं गाडीपर्यंत उचलून आणलं. ती चित्राची डबी मी तिला दिली; मंजन केव्हाच संपलं होतं. मला वाटलं, ती चिंचोके ठेवील. पुढच्या दिवाळीला आले तेव्हा तिच्या कनवटीला तीच डबी होती आणि मागल्या दाराशी माय, आत्या आणि कौसी अशा तिघी पाय पसरून बसल्या होत्या. आता तिला कोणी मारत नव्हतं. कामाला जुंपलेल्या बाईला मिसरीची परवानगी असते.

मी मास्तरीण झाले. गावोगावच्या शाळांत चौतीस वर्षं मुलींचे दात पाहिले. कोणत्या वयाच्या पोरीला कोणतं मंजन द्यावं, ब्रश केवढा असावा, डबीवरच्या चित्राला कसं भुलू नये, हे मी आयाबायांना इतकं तळमळीनं सांगायची की एका हेडमास्तरांनी मला दंतवैद्यीण असं नाव ठेवलं होतं. मी हसायची. कौसीचं लग्न मोताळ्याकडेच झालं. चाळिशीच्या आत तिचा एकही दात राहिला नाही. माझं पत्र आलं की ती ते शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायची आणि उत्तराखाली अंगठा उठवायची. तो निळा अंगठा मी पाकिटातून काढायची आणि घडी करून ठेवून द्यायची.

शेवटी एकदा गेले. तिच्या गालाच्या आत जखम झाली होती, भरत नव्हती. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ती मात्र ओट्यावर बसून नातीवर ओरडत होती, "दात घासले काय वं? दाखव मले. आ कर." नात शाळेच्या कपड्यांत आ करून उभी राहिली. कौसीनं नीट पाहिलं आणि म्हणाली, "हाव, जाय आता."

नात गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. आमच्यात ती जुनी डबी पडली होती, चित्रातली मुलगी पुसून नुसता पत्रा उरलेला. मी म्हटलं, "कौसे, तुले मिसरी मी लावली होती. पह्यल्यांदा. अन् त्या दिवशी डिपोटीसमोर मी खोटं बोलली."

ती बोळक्या तोंडानं हसली. "म्हातारपनी चळलं काय वं माई तुयं? मीच चोरली होती आत्याच्या डबीतून. मायनं मारलं नोतं काय मले?"

"नाई कौसे, मी..."

"हाव म्हटलं ना, मीच चोरली. सोड आता. च्या घे, थंडा होऊन राह्यला."

बोलताना तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग डबी उचलून कनवटीला लावली. मी चहा प्यायले. मला वाटलं, विसरली बिचारी. सगळे तसंच म्हणत आले म्हणून तिलाही तसंच वाटायला लागलं. थोडं हलकंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

परतीची बस राजूरचा घाट चढत होती तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिनं पाहिलं होतं ते माझ्या डोळ्यांकडे नव्हतं. माझ्या डोक्याकडे होतं. ती विसरली नव्हती. मी सगळं कबूल केलं होतं, पण 'सुटली' म्हटलं नव्हतं. तिथंच उतरून मोताळ्याची गाडी धरायला हवी होती. पण सांज होत आली होती, पाय दुखत होते, पुढच्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. म्हटलं, डोळा झाला की जाऊ. डोळ्याची पट्टी निघायच्या आधीच तिच्या मुलाचा निरोप आला.

सांगशीन तर मी मरीन, असं मी तिला म्हटलं होतं. तिनं शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. आता आळीतली माणसं भेटली की म्हणतात, बाई, या वयात तुमची प्रकृती मोठी ठणठणीत आहे. मी हो म्हणते.